नववा रकाना

रावेर. बाहेर सेहेचाळीस डिग्री.
केळीच्या वखारीत, वजनकाट्यालगतच्या टेबलावर
हेमराजने लॅपटॉपमध्ये ग्रीसचा समुद्र उघडलाय.

पारोस, नाक्सोस, मग दक्षिणेला.
बोट आठवड्याच्या भाड्याने, कॅप्टनसकट.
ऑगस्टात उत्तरेचा वारा माजतो,
जूनमध्ये या, असं तो कळवतो.
"जूनमध्ये कटाई," म्हणतात लीलाधर आप्पा
आणि ट्रकची ताडपत्री बघायला उठतात.

फॉर्म भरायचाय.
केबिन तीन.
जेवण शाकाहारी.
(कळण्याचं पीठ सोबत चालेल का, विचार.)
डेकवर सगळ्यांनी अनवाणी,
हे वाचून हमाल हसतो.

नववा रकाना: पोहता येतं?
आप्पा, नाही.
सून, थोडं, पुण्याच्या तलावात.
आईचं 'नाही' तो न विचारताच टाइप करतो.

"मले येते," म्हणते कौतिकबाई.
पावत्या टोचायची तार तिच्या हातात तशीच.
माहेरी तापीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या,
अवचित पाणी वाढलं की फळं वाहून जायची,
पोरी मागे उड्या टाकायच्या.

आप्पा दारात थांबतात.
अडतीस वर्षं.
"कधी बोलली नाही तू."
"इथं विहिरीवर मोटरच होती."

किती अंतर, फॉर्म पुढे विचारतो.
"तिसऱ्या टरबुजापर्यंत,"
आणि ती पुढची पावती टोचते.

हेमराज विचारतो,
मीटरमध्ये किती लिहू?