सहा की नऊ

दर रविवारी उद्यमबागेतून स्कूटर सांबऱ्याला.
पेन्शनीतला टर्नर मी, अडवणार कोण?
शेडमध्ये पुष्पक, पंख उतरवलेलं,
आंघोळीला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखं.

जुनं कापड सोललं तेव्हा
लाकडी फासळ्यांवर पेन्सिलीचे आकडे निघाले,
बेंगळूरच्या कुणा कामगाराच्या हातचे.
कानडी सहा आणि नऊ
जन्म इथलाच असून मला एकसारखेच दिसतात.
मी म्हटलं नऊ. इराप्पा म्हणाला, सहा, बघ की.
नवव्या जागी लावली, तर बोटभर फट.
तो काही बोलला नाही.
चहा मी पाजला.

वडगावच्या रत्नव्वा मागावरनं थेट येतात,
मेण लावलेल्या दोऱ्यानं कापड फासळीला शिवतात.
चष्मा कपाळावर. गाठ बसली की नाही
ते बोटालाच कळतं त्यांच्या.
वरून डोपचा हात दिला की कापड आखडतं, ताणतं,
टिचकी मारावी तर हलगीगत बोलतं.

नात विचारते, उडणार नाही ना? मग कशाला?
नाहीच उडणार. संग्रहालयात दोरीमागं उभं राहील.
पाटीवर कुठली भाषा वर, त्याच्या बैठका चालल्यात अजून.
खरं बिजागरीची पिन मी तीनदा फेकली,
केसाएवढी सैल होती म्हणून.

काल इराप्पानं आत बसून दांडा डावीकडं ढकलला.
डाव्या पंखाची झडप वर, उजवीची खाली.
रत्नव्वा दोन पावलं मागं सरल्या,
पदर आवरला,
वारं सुटल्यासारखा.