टेपचं दुसरं टोक

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं बसलिंगच्या बुटाखाली.
मी मराठीत आकडा सांगतो,
तो कन्नडमध्ये लिहितो.
भिंत दोन्हीत तेवढीच भरते.

वडगाव. रस्ता रुंद होणार.
घर नंबर अकरा : पाच फूट.
बारा : पाच फूट, शिवाय पायरी,
पायरीवर कोरलेलं साल आणि कोणाचातरी पटाचा डाव.

तेरा म्हणजे तालीम.
तांबड्या मातीचा वास आधी बाहेर येतो,
मागनं वस्ताद, खांद्यावर पंचा.
"मोजा. पण मारुतीला सांगून."
तिथं बसलिंग बूट काढतो,
टेप अंगठ्यानं दाबतो.
तिथंही पाचच.

चौदात चंद्रव्वा बुचडी.
माग विकून सोळा वर्षं झाली,
खड्डा तसाच. वर फळ्या, फळ्यांवर टीव्ही.
"भिंत न्या की. पण ह्यो खड्डा
कुठल्या कागदावर लिवतासा?"
फॉर्मवर रकाना नाही.
ती टीव्ही उचलायला लावते आम्हालाच,
फळी सरकवते, पाय आत सोडून बसते.
डावा. उजवा. डावा.
खाली पावड्या नाहीत, नुसता अंधार
आणि एक हरवलेली चप्पल.
भिंतीवरचा टेप थरथरतो.
बसलिंग म्हणतो, वारं आहे.

चहा होतो. बशीत कुंद्याचा तुकडा,
दोघांत एक.

लाल रंगाचा बाण काढायच्या आधी
मी पुन्हा मोजतो, हात जरा पुढे धरून.
साडेचार, म्हणतो.
बसलिंग माझ्या हाताकडे बघतो,
मग टीव्हीकडे, जो अजून जमिनीवरच आहे.
"नाल्कूवरे," म्हणतो
आणि लिहितो.