बाजू दुसरी, गाणं तिसरं

सुतार काही करवत थांबवेना.
म्हणाला, मेलेला थांबतो,
त्याचे नातेवाईक थांबत नाहीत.
भिंतीपलीकडे त्याचं शवपेट्यांचं दुकान,
अलीकडे आमचा स्टुडिओ.
स्टुडिओ म्हणजे
मक्याच्या पिठाची रिकामी पोती भिंतींना ठोकलेली एक खोली,
दोन ट्रॅकचं टेपमशीन,
आणि एक पंखा,
जो रेकॉर्डिंगआधी बंद करायचा.
ते काम माझं.

मी चोला. ड्रमवाल्या चिशिंबाची बहीण, तेव्हा चौदा वर्षांची.
कव्हरवर माझं नाव नाही.
पंख्याचंही नाही.

कासोंडेने स्पीकरच्या पडद्याला ब्लेडने चीर दिली.
ब्वेम्ब्या ओरडला, अरे, उसना आणलाय!
मग गिटार वाजली
आणि उसन्याचं कुणी बोललं नाही.
गांधीलमाश्यांचं पोळं तांब्याच्या पिंपात टाकून
वर झाकण दाबलंय
आणि झाकणावर आपणच बसलोय,
तसा आवाज.

किटवेत तांबडं दोनदा फुटायचं.
एकदा पहाटे, सगळ्या जगासारखं.
एकदा मध्यरात्री,
काळ्या डोंगराच्या माथ्यावरून
खाणीची वाघीण वितळलेली मळी ओतायची तेव्हा.
आभाळ आतून पेटायचं. कोंबडे फसायचे.
दोरीवरचे पांढरे सदरे केशरी होऊन
पुन्हा हळूहळू पांढरे व्हायचे.
लुसाकाहून आलेल्या पत्रकाराने विचारलं,
असले रंग दिसायला तुम्ही घेता तरी काय?
ब्वेम्ब्या म्हणाला, रात्रपाळी.

बँडचं नाव चुलू, म्हणजे वारूळ.
आमच्याकडची वारुळं घरापेक्षा उंच,
त्यांच्या डोक्यावर झाडं उगवतात.
चौघांनाही वाटायचं, उगवेल.

नैरोबीहून तीनशे तबकड्या बसच्या टपावरून आल्या.
उन्हाने चाळीस वाकल्या.
त्या अर्ध्या किमतीत गेल्या, आणि घेणारे सांगायचे,
वाकलेलीवरच गाणं बरोबर वाजतं,
सुई चढ चढते, उतार उतरते,
लुम्बवेचा आवाज दम खात येतो.

मग तांब्याचा भाव पडला.
मग ड्रम विकला, आधी मोठा, मग छोटे.
मग ती वर्षं आली.
आजाराचं नाव घ्यायला लोकांना वेळ लागला,
सुताराला नाही. त्याने दुसरी करवत घेतली.
लुम्बवे. कासोंडे. पावसाळ्यात ब्वेम्ब्या.
चिशिंबा शेवटी.
सुताराने त्याचं माप घेतलं नाही.
म्हणाला, दोन दिवस भिंतीतून ऐकलाय त्याला,
केवढा होता ते मला ठाऊक आहे.

गेल्या साली बेल्जियमहून योरिस नावाचा पोरगा आला,
गळ्यात हेडफोन, हातात पांढरे मोजे.
मूळ टेप माझ्या पलंगाखाली होती,
बटाट्यांच्या शेजारी.
तो ती पुन्हा काढणार होता, नव्याने, धुऊन-पुसून.
संध्याकाळपर्यंत ऐकत बसला, मग म्हणाला,
दुसरी बाजू, तिसरं गाणं,
मागे एक घरघर आहे.
आता अशी मशिनं आहेत, कळणारसुद्धा नाही.
काढू?

मी म्हटलं, काढ, आणि मग गिटार ऐक.
कशाशी जुळवली होती ते सापडतंय का बघ.

त्याला कळायला वेळ लागला.
मग त्याने मोजे काढले.
चहा घेतला, साखर जास्त घातली.
म्हणाला, सुरुवातीला कुणीतरी आकडे मोजतंय.
चिमो, फिबिली, फितातू.
चौथा काड्यांच्या आवाजात बुडालाय.
तीनच मोजायचा का तो?

मी काही बोलले नाही.
त्याने टेप मागे फिरवली,
बोट बटणावर ठेवलं.
मी उठले
आणि पंखा बंद केला.