मधलं

गोथेनबर्गच्या टोकाला, आंगेरेडच्या वाचनालयात, तळघरात,
पडदा नव्हता, पांढरी भिंत होती.
बाहेर फेब्रुवारी. दाराशी बुटांचा ढीग,
त्यातून वितळलेलं पाणी हळूहळू खुर्च्यांपर्यंत आलेलं.
राग्नहिल्डनं वेलचीचे पाव मांडले
आणि माझी ओळख करून दिली:
या सिनेमातली जनावरं यांनी काढलीत.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाव गरम होते.

माझी जनावरं म्हणजे चिचुंद्र्या.
आई, बाप, पाच पिल्लं,
पुढच्याची शेपटी मागच्याच्या तोंडात
अशी माळ करून चालतात.
खरीच चालतात, मी परसात दगडाआड बसून पाहिलंय.
बाप सांगतो, पलीकडच्या किनाऱ्यावर
घुबडं फक्त बोरं खातात.
पोरं खिदळतात. मोठी माणसं
एकमेकांकडे न बघता हसतात.

तिसऱ्या रांगेत लुवाम,
अकरा वर्षांची असेल, आईच्या कानाला लागून.
भिंतीवर स्वीडिश, कानात तिग्रिन्या.
मला त्या भाषेतलं अक्षर कळत नाही,
पण माझ्या सिनेमातलं कुठलं वाक्य किती सेकंदांचं
ते झोपेतही सांगेन.
बापाचं भाषण अकरा सेकंद. ती अकरा कुजबुजली.
पाचवं पिल्लू प्रवासाची शिदोरी आधीच फस्त करतं, सहा सेकंद.
ती वीस सेकंद बोलली, आई खुदकन हसली.
काहीतरी पदरचं घातलं असणार.

मग वादळ.
चार महिने मी फक्त पाणी काढत होते.
सेकंदाला बारा चित्रं, बाराही लाटा.
निर्माता म्हणाला, मुलं घाबरतील, जरा लहान कर.
केली लहान. निळ्यात जांभळा मिसळला,
फेसाच्या कडेला चांदी.
पाचव्याच्या तोंडातून शेपटी निसटते.
आई चिचुंद्री त्याला हाका मारते.
चौदा सेकंद.

लुवाम गप्प.
चौदा सेकंद केवढे असतात
हे मला माहीत असायला हवं होतं, पोटच भरते त्यावर.
मग ती भरभर काही सांगायला लागली
आणि आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला,
अन्न निवू नये म्हणून
ताटावर झाकण ठेवावं तसा, अलगद.
तो हात शेवटपर्यंत तिथंच होता.

शेवट गोड आहे.
दीपगृहाच्या रखवालदाराच्या लोकरी मोज्यात
पाचवं पिल्लू सापडतं, झोपलेलं, थोडं जाड झालेलं.
या वेळी टाळ्या पडल्या.

कोट शोधण्याच्या गर्दीत लुवाम माझ्यापाशी आली.
म्हणाली, आई म्हणते, रात्री पाणी असं दिसत नाही.
मी म्हटलं, बरोबर असेल तिचं.
ती बुटाच्या नाडीशी खेळत राहिली.
मग एकदम, खालच्या आवाजात:
मी ना, त्या पाचव्याचं नाव नाहोम सांगितलं होतं.
पहिल्यापासनं. तो पण असाच खायचा म्हणून.
मला काय माहीत, तोच पडणार.

मागून आई आली. लेतेब्रहान, असं तिनं स्वतःच सांगितलं,
छातीवर बोट ठेवून.
मग मुलीकडे वळून एक प्रश्न, लहानसा,
दोन सेकंदांचाही नसेल.

आई विचारते, लाटेतून तो मोज्यात कसा आला?
ते मधलं कुठंय?

मी आधी राग्नहिल्डकडे पाहिलं, का ते माहीत नाही.
ती खुर्च्या एकात एक घालत होती.
काढलंच नाही, म्हटलं. ते आम्ही काढलं नाही.

लुवामनं ते आईला सांगितलं.
या वेळी शब्दाला शब्द, मला खात्री आहे.
आईनं मान हलवली, जशी दुकानात
हवी ती वस्तू संपलीय म्हटल्यावर हलवतात,
आणि जाताना टेबलावरचे पाव
कागदी रुमालात बांधून घेतले.
दोघीच होत्या.
पाव तीन घेतले.