कुलरसमोरची जागा

दिवसभर मी केळी कापते.
म्हणजे फळं नाही. बरणीतला नखाएवढा कोंब,
ब्लेडनं एकाचे तीन, तिनाचे नऊ,
चिमट्यानं उचलून नव्या जेलीत उभे करायचे.
तोंडाला मास्क, हाताला स्पिरिट, एसी पंचवीसवर.
माझ्या हातचं रोप रावेरला जावो की चोपड्याला,
पान पानासारखंच निघतं.
साहेब त्याला गुणवत्ता म्हणतात.

मुत्तम्मा कोडगूची. शेजारच्या टेबलावर तीन महिने शिकली,
कळण्याची भाकरी मागून मागून खाल्ली
आणि संक्रांतीला घरून पार्सल पाठवलं:
कॉफीच्या एकवीस बिया, कानडी पेपरात बांधलेल्या.
एकही अक्षर मला वाचता येईना,
पण वळणं बियांसारखीच गोल होती.
फोनवर म्हणाली, "छिलका मत निकालना.
रातभर पानी, चपटा साइड नीचे.
बाद में भूल जाना."

वाघूरची वाळू चाळली. थर्माकोलचं खोकं
माठाच्या तिवईखाली सरकवलं,
तिथं रात्रंदिवस एक थेंब गळत असतो.
वर ओलं पोतं.

भूल म्हणणं सोपं होतं.
बरणी पाचव्या दिवशी हिरवी झाली नाही
तर आम्ही ती कुकरमध्ये उकळून टाकतो.
इथं महिना गेला, वर वीस दिवस गेले.
नेहेते काकू भिंतीवरून डोकावल्या,
"काय व माय, रेतीले पानी घालू राह्यली?
रेती उगीन का आता?"
सासरे म्हणाले, चहाची पत्ती पेर, ती तरी लवकर येईल.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी
पोतं उचललं तर वाळूत वाकलेली मान.
चार दिवसांत ती सरळ झाली,
आणि डोक्यावर तीच बी, कवचासकट.
मुत्तम्माकडे याला शिपाई म्हणतात.
मला तो शिपाई वाटलाच नाही.
पाटी डोक्यावर घेऊन उभी बाई वाटली,
उतरवायला कुणी हात देतंय का बघणारी.

मी हात दिला.
लॅबचा चिमटा, लॅबचा सराव, श्वास रोखून.
कवच सुटलं
आणि आत घडी करून ठेवलेलं पानही.

कुणाला सांगितलं नाही.
बाकीच्या आठ जणी आपापल्या पाट्या घेऊन
उभ्या राहिल्या, काही पंधरा दिवस, एक तर महिनाभर.
मी चिमटा कपाटात, कपाटाला कुलूप.
एका सकाळी पाट्या खाली पडलेल्या दिसल्या
आणि वर दोन दोन गोल पानं,
नुकतं जन्मलेल्या बाळाच्या कानांसारखी
चुरगळलेली, ओलसर.
एकीचं पान मोठं, एकीचं वाकडं.
एकीसारखी दुसरी नाही.
मी कितीदा पाहिलं.

मग मे.
नशिराबादला पंचेचाळीस, पत्र्यावर त्याहून जास्त.
दोन करपल्या. एक मांजरानं उकरली.
उरलेल्या पाच कुंड्या मी कुलरसमोर आणल्या,
जिथं हेमराजची खाट होती.
खाट भिंतीकडे गेली.
तो काही बोलला नाही, फक्त उशी उचलून
कुंड्यांकडे असं पाहिलं
जसं पाहुणे जायचं नाव काढत नाहीत तेव्हा बघतात.

काकूंनी विचारलं, "कप कधी?"
म्हटलं, जगल्या तर तीन-चार वर्षांनी. एखादा.
त्या हसल्या, मग पदरानं वारा घेत तिथंच बसल्या,
म्हणाल्या, "गार लागते व इथी."

बरणीवर मी रोज नंबर लिहिते, बॅच, तारीख.
कुंड्यांवर अजून काही लिहिलेलं नाही.
पेन घेऊन बसले होते एकदा.

काल रात्री दीडला लाइट गेली.
कुलर घरघरत थांबला,
सासरे कुशीवर वळले, गल्लीत कुणीतरी वायरमनला शिवी दिली.
मी अंधारातच उठले,
पाचही कुंड्यांत बोट घालून पाहिलं.
ओल होती.
बोट गाऊनला पुसून परत आडवी झाले.