सहा क्रेडिट

मंगळवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत
माझं टेबल असतं,
झेरॉक्सचं मशीन आणि
शिकारीच्या परवान्यांचे अर्ज, यांच्या मधोमध.
पाटी लहान आहे : मुलांचा विमा, इथे विचारा.
टेनेसीच्या या डोंगरात
लोक आधी शिकारीचंच विचारतात.

वर्लीन स्टिडम मात्र थेट आली,
कोंबडी तळण्याच्या काउंटरवरून, डोक्यावरच्या जाळीसकट.
पगाराच्या चार चिठ्ठ्या तिने पत्त्यांसारख्या मांडल्या
आणि म्हणाली, साहेबाने तासाला चाळीस सेंट वाढवलेत.
अभिनंदन म्हणायला मी तोंड उघडलं
आणि आकडा पाहिला.
त्या चाळीस सेंटांनी ती रेषेपलीकडे जात होती,
पदरची तिन्ही पोरं घेऊन.

"मग नको म्हणून सांगते,"
इतक्या सहज, की जसा
दुसऱ्यांदा वाढायला कुणी आलं
तर ताटावर आडवा हात धरावा.

थोरला एल्डन. आठव्या वर्षापासून साखर.
इन्सुलिन फ्रीजच्या दारात, मोहरीच्या बाटलीशेजारी;
वीज गेली तर आधी ते शेजाऱ्यांच्या बर्फात,
मग घरातली माणसं मेणबत्ती शोधणार.

मार्चमध्ये तो एकटाच आला.
हातात पत्र. खुर्चीवर न बसता मोठ्याने वाचलं :
वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होत असल्याने
आपण 'बालक' या व्याख्येत बसत नाही.
"वाढदिवसाचं एकच कार्ड आलं यंदा,
तेही सरकारकडून."
मग बोटांवर मोजून म्हणाला,
"म्हणजे एकतीस तारखेपर्यंत मी लहान आहे."

मी पर्याय सांगितले. तेच माझं काम.
आईच्या नोकरीतला? तिला मुद्दाम
आठवड्याला एकोणतीसच तास देतात.
बाजारातला? हप्ता परवडतो तिथे
आधी सात हजार आपल्या खिशातून, मग कंपनी जागी होते.
आणि हा तिसरा, निळ्या कागदावरचा :
विद्यार्थ्यांसाठी. किमान सहा क्रेडिट.

"सहा क्रेडिट कशाचे?"
कशाचेही.

त्याने पहिल्यांदा खुर्ची ओढली.
अभ्यासक्रमाची यादी तो अशी वाचत गेला
जशी आजारी माणसाने औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं.
निबंधलेखन, तीन. जागा आहेत.
लेखाकर्म, भरलं. वेल्डिंग, भरलं.
भूगर्भशास्त्र, तीन. एक जागा.
"हे काय असतं?"
दगड, मी म्हटलं. मलाही तेवढंच ठाऊक.
"दगड चालतील," म्हणाला, आणि सही केली.

पहिल्या हप्त्यासाठी त्याने आजोबांची हरणाची रायफल विकली.
हे मला परवान्यांच्या टेबलावरून कळलं.
त्या वर्षी त्याचा अर्ज आला नव्हता.

एप्रिल ते ऑगस्ट मधे एक भोक होतं.
त्या पाच महिन्यांबद्दल मी विचारलं नाही.
वर्लीनने एकदा झेरॉक्सपाशी उभ्याउभ्याच सांगितलं
की तो सुई अर्धीच भरायचा,
आणि भूक नाही म्हणायचा.
मशीनला कागद अडकला होता, मी तो काढत राहिले.

ऑक्टोबरात तो आला, काही न विचारता.
खिशातून पाटीसारखा काळा दगड काढून ठेवला,
बंद पडलेल्या खाणीच्या ढिगाऱ्यातला.
त्यावर नेच्याचं एक पान, शिरा न् शिरा दिसणारं.
तो बोलत सुटला : इथे दलदल होती, समुद्र येऊन जायचा,
हे डोंगर एके काळी याहून कितीतरी उंच होते.
पोरगा एवढा बोलतो हे मला माहीत नव्हतं.
मी मधेच विचारलं, साखर किती आहे?
"तीस कोटी वर्षं," तो म्हणाला,
दगडाबद्दल,
मग हसून, "एकशे चाळीस."

पुढच्या सत्राला पुन्हा सहा क्रेडिट लागतील,
पुन्हा हप्ता, विकायला आणखी काहीतरी.
धाकटी या वर्षी सतरा पूर्ण करेल.
वर्लीनच्या साहेबाने परत पगाराचा विषय काढलाय.

दगड तो इथेच ठेवून गेला.
आता तो माझ्या अर्जांवर असतो.
पंखा लावला की कागदांचे कोपरे फडफडतात,
पण कागद जागचे हलत नाहीत.
पोरं वाढतात.