ज्याचं पोट, त्याचंच बोट

उंदीर रात्रीपासून उपाशी आहेत.
आधी अर्क, अर्ध्या तासानं एरंडेल,
बोथट सुईनं, जिभेच्या मागे.
मग पिंजऱ्याखाली पांढरा टीपकागद
आणि चार तास
आम्ही डाग मोजत बसतो.

ओला डाग. घट्ट डाग. किती वाजता.
शिंगाडेमामा म्हणतात, मॅडम,
एवढं शिकून शेवटाला ह्येच व्हय?
आणि कागद बदलतात,
तान्ह्याचं दुपटं बदलावं तसा.

कुड्याची साल राधानगरीच्या वरच्या धनगरवाड्यावरची.
भागूबाई झोरेंनी कोयत्यानं सोलून दिली,
जून झाडाची, उगवतीच्या अंगाची.
मी वही उघडून विचारलं, किती द्यायची?
‘ज्याचं पोट, त्याचंच बोट.
पोराची करंगळी धरायची सालीवर,
तेवढाच तुकडा उगाळायचा.
म्हाताऱ्याला म्हाताऱ्याची.
दुसऱ्याचं बोट न्हाई चालत, बाई.’

मी लिहिलं : मात्रा अनिश्चित.

आज तराजूवर उंदीर ठेवते.
तो थरथरतो, म्हणून आकडाही.
अठ्ठावीस ग्रॅम. तेवीस. एकतीस.
ज्याच्या त्याच्या वजनाला धरून अर्क,
मिलिग्रॅम, किलोमागं...
आणि भरलेली सिरिंज
हातात तशीच राहते.

जेवायच्या सुट्टीत जुनी वही काढून
ती ओळ खोडली.
वर काय लिहावं, सुचेना.

पहिल्या पिंजऱ्याला नुसतंच पाणी.
तुलनेसाठी कुणीतरी लागतं.
तिकडचा कागद मी स्वतः बदलते.
चिखलीला पूर ओसरला त्या वर्षी
शाळेच्या वर्गात, सतरंजीवर, आम्ही अकरा पोरं
अशीच होतो एका भिंतीला,
आणि आई पातेल्यात साखर-मीठ ढवळत
ज्याच्या त्याच्या तोंडाला वाटी लावत होती.
तेव्हा डाग कुणी मोजले नाहीत.
पोरं मोजली, सकाळी उठून.

चार वाजता तिसऱ्या पिंजऱ्याखाली
कागद बराचसा कोरा.
बराचसा म्हणजे किती, ते आकडेमोड सांगेल;
मी फक्त तारीख घातली.

मामा बाटली उजेडात धरून बघतात.
घरला न्यावी का? नातवाचं पोट बिघडलंय.
नको मामा. हे अजून उंदरांचंच आहे.
त्याला साखर-मिठाचं पाणी पाजत राहा,
आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.

ते निघतात. दारात थांबतात,
उजवी करंगळी वर करतात,
गुऱ्हाळाच्या चरकात पेरापासून गेलेली :
‘आन् तुमच्या त्या धनगरणीला इचारा,
मला अर्धंच औषध का?’